रेडिओची कुरकुर ऐका: फडात उतरणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरचे बिघाड कसे शोधायचे

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यात आकडे कानावरून निघून जातात आणि गाडीखाली आडवं पडलेल्या माणसाला पॉडकास्ट मागं-पुढं करता येत नाही. म्हणून व्होल्टचे, दाबाचे सगळे आकडे इथं लिहून ठेवलेत. स्क्रीनशॉट काढून ठेवा, फडात रेंज असेलच असं नाही.

'ऑफ-रोड' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लडाखची नदी आणि त्यातून पाणी उडवत जाणारी महागडी जीप येते. आपल्या बीड जिल्ह्यात ऑफ-रोड म्हणजे काळ्या रानात उसाच्या सरीवर उतरलेला ट्रक, नाहीतर दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. दिवाळीच्या आसपास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. जाताना याच गाड्यांत बसून जातात आणि तिथं गेल्यावर याच गाड्या भरतात. गाडी बंद पडली की नुसती गाडी थांबत नाही. टोळीची खेप थांबते, तोडलेला ऊस वाळून वजनाला घटतो, साखरेचा उतारा उतरतो आणि उचल काही फिटत नाही. त्यातून गाडी रात्री रस्त्यावर बंद पडली, तर प्रश्न पैशापुरता राहत नाही.

त्यामुळं आज मेकॅनिकही आणि रेडिओही. दोन्ही एकत्र का, ते पुढं कळेल.

आधी चार वाटा लक्षात ठेवा

डिझेल गाडीला चार गोष्टी लागतात: हवा, डिझेल, पाणी आणि करंट. प्रत्येकाची एक ठरलेली वाट असते. गाडी बंद पडली की लगेच पाना हातात घ्यायचा नाही. आधी एवढंच विचारायचं, की कुठली वाट अडली? आणि ती वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटानं तपासत जायची. चार ठिकाणी एकदम हात घातला की मूळ बिघाड सापडत नाही आणि वर दोन नवे तयार होतात.

सेल्फ मारल्यावर काय होतं ते बघा.

- नुसता 'टक' आवाज येतो किंवा इंजिन जड-जड फिरतं: करंटची वाट.
- इंजिन झकास फिरतंय, पण सायलेन्सरमधून धूरच नाही: इंजिनात डिझेल पोचत नाही.
- फिरतंय, पांढरा धूर येतोय, पण धरत नाही: डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. इंजिन थंड असेल, सेल्फ हळू फिरत असेल किंवा डिझेलमध्ये पाणी असेल.

या तीन ओळींत निम्मं काम झालं समजा.

डिझेलची वाट: 'एअर धरली' म्हणजे काय?

आधी सगळ्यात सोपं बघा. टाकीत डिझेल आहे का? काट्यावर विश्वास ठेवू नका, काडी घालून बघा. जुन्या गाड्यांना इंजिन बंद करायची दोरी असते. ती ओढलेली अडकून राहिली की गाडी कितीही सेल्फ मारला तरी चालू होत नाही. मिस्त्री बोलावण्याआधी तिच्याकडे एक नजर टाका.

नंतर येतो फिल्टर. फडातली धूळ आणि कॅनमधून ओतलेलं डिझेल यामुळं फिल्टर लवकर तुंबतो. फिल्टरच्या बुडाला पाणी साचायची जागा असते. तिथला स्क्रू ढिला करून पाणी काढून टाका.

टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली किंवा फिल्टर बदलला, की पाइपात हवा शिरते. डिझेल दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते. त्यामुळं पंप नुसती हवाच दाबत बसतो आणि नोझल उघडत नाही. यालाच आपण 'एअर धरली' म्हणतो. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या गाडीत एअर काढणं सोपं आहे. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू ढिला करा. हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग हेच काम मुख्य पंपावरच्या स्क्रूला करा.

आता एक इशारा. नवीन गाड्यांत कॉमन रेल असते. तिच्या पाइपात हजार बारच्याही वर दाब असतो, म्हणजे ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपटीहून जास्त. असा पाइप ढिला केला तर डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवायची वेळ येऊ शकते. कॉमन रेलच्या गाडीत फिल्टर आणि हातपंप इथपर्यंतच आपला हात. पुढं नोझलचे पाइप सोडायचे नाहीत, मग मिस्त्री कितीही अनुभवी असो.

पाण्याची वाट: गाडी तापते आणि पाचट पेटतं

फडात गाडी तापण्याचं पहिलं कारण पाचट. उसाचं वाळलेलं पान आणि धूळ रेडिएटरच्या जाळीवर चिकटून बसते आणि हवा आत जात नाही. जाळी साफ करताना हवा किंवा पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारा. समोरून मारलं की कचरा आणखी आत बसतो. पाण्याचा जोरही बेताचा ठेवा, नाहीतर जाळीची पानं वाकतात.

मग बेल्ट. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्यानं दाबल्यावर बेल्ट साधारण १० ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबला तर पंखा मंद फिरतो आणि डायनामोही कमी चार्ज करतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. इंजिन बंद करा, चहा प्या, अर्धा तास जाऊ द्या. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण उघडताच उसळून तोंडावर येतं.

पाचटाचा दुसरा धोका याहून मोठा. वाळलेलं पाचट सायलेन्सरवर, त्याच्या पाइपावर साचतं आणि तिथंच पेटतं. वर गाडीत ऊस, खाली डिझेलची टाकी. प्रत्येक खेपेला गाडी फडातून बाहेर काढण्याआधी सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट आणि चाकांचे हब यांच्यावरचं पाचट हातानं ओढून काढा, अर्थात गाडी बंद करून. शाफ्टला गुंडाळलेलं पाचट ऑइल सीलही खातं.

काळ्या रानात रुतलात तर

आपली काळी माती सुकली की दगड आणि भिजली की साबण. चाक फिरायला लागलं की रेस वाढवून उपयोग नाही, प्रत्येक फेऱ्याला गाडी बोटभर खाली जाते. थांबा. चाकापुढची माती उकरा, पाचट-फांद्या घाला. डिफरन्शियल लॉक असेल तर गाडी थांबलेली असताना लावा, सरळ बाहेर काढा आणि वळण्याआधी लॉक सोडा.

ट्रॅक्टरनं ट्रक ओढताना साखळी कुठं बांधता याला फार महत्त्व आहे. साखळी कायम खालच्या ड्रॉबारला. वरच्या बाजूला बांधली तर मागच्या चाकांच्या धुरीभोवती ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचललं जातं आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर उलटतो. हे इतक्या पटकन होतं की क्लच दाबायला वेळ मिळत नाही. साखळीच्या आसपास बघ्यांना उभं राहू देऊ नका.

करंटची वाट: जातो वायरनं, येतो लोखंडातून

आता आजचा मुख्य मुद्दा. बॅटरीतून करंट वायरनं दिव्यापर्यंत जातो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो परत कसा येतो? गाडीच्या लोखंडातून. चासी, इंजिन, बॉडी, सगळं मिळून परतीची एकच मोठी वायर. यालाच आपण अर्थ म्हणतो. चिखल, गंज आणि हादरे हे तिन्ही या परतीच्या वाटेवर बसतात. वायर तुटली तर दिसते, अर्थ खराब झाला तर दिसत नाही. म्हणून माणसं बॅटरी बदलतात, सेल्फ बदलतात आणि दोनशे रुपयांची अर्थची पट्टी तशीच गंजलेली राहते.

तपासायचं कसं? सेल्फ मारताना हेडलाइट लावून ठेवा. लाइट एकदम मंदावला तर बॅटरी कमजोर किंवा तिच्या टर्मिनलचा जोड ढिला. लाइट तसाच राहिला आणि नुसता 'टक' झाला, तर सेल्फकडे किंवा त्याच्या वायरकडे आणि अर्थकडे बघा. मल्टिमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ खराब. पट्टी सोडा, दोन्ही बाजू चकाकेपर्यंत घासा, परत आवळा.

बॅटरीचे आकडे लिहून घ्या. १२ व्होल्टची बॅटरी, गाडी बंद असताना: भरलेली असेल तर साधारण १२.६, आणि १२.२ च्या आसपास आली म्हणजे निम्मी. गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. मोठ्या ट्रकात १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकापुढं एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, तिथं हे सगळे आकडे दुप्पट.

आणि एक जुनी पद्धत सोडून द्या. गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, म्हणजे डायनामो कळतो म्हणे. खऱ्याखुऱ्या जुन्या डायनामोच्या काळात ते चालून गेलं. आज आपण ज्याला डायनामो म्हणतो तो अल्टरनेटर असतो. चालू गाडीत त्याच्यापुढून बॅटरी काढली की व्होल्टेज उसळतं आणि त्याचे डायोड, गाडीचा कॉम्प्युटर, रेडिओ यांतलं काहीही उडू शकतं.

रेडिओ काय सांगतो

आता रेडिओकडे येऊ. गाडीतला टेप-रेडिओ करंटच्या बाबतीत फार नाजूक असतो. जो बिघाड सेल्फला महिन्यानं कळणार, तो रेडिओला आज कळतो. म्हणून रेडिओ कुरकुरायला लागला की आवाज वाढवून कुरकुर झाकू नका. ती कशी आहे ते ऐका.

*रेसबरोबर वाढणारी शिट्टी.* ॲक्सिलरेटर दाबला की 'ऊंऽऽ' वर चढतो, सोडला की उतरतो. हा डायनामोचा आवाज आहे. एकतर रेडिओचा अर्थ खराब, नाहीतर डायनामोचा डायोड गेलेला. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, गाडी चालू, लाइट चालू, आणि बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोडवर संशय घ्या. असा डायोड रात्री बॅटरीही पिऊन टाकतो. सकाळी फडात गाडी उठत नाही याचं कारण कधीकधी आदल्या दिवशीच्या त्या शिट्टीत असतं.

*खड्ड्यात खरखर.* जोड ढिला आहे. अँटेनाचं बूड, रेडिओमागची पिन, फ्यूज, या क्रमानं हलवून बघा.

*हॉर्न दाबला की रेडिओ बंद होऊन परत चालू.* सेल्फ मारताना रेडिओ बंद होणं साधं आहे. पण नुसत्या हॉर्नला तो मान टाकत असेल, तर बॅटरी, टर्मिनल किंवा अर्थ यांतलं एक कमजोर आहे.

*दरवेळी स्टेशनं पुसली जातात.* रेडिओला बहुतेक करून तीन मुख्य वायरी असतात: काळी अर्थची, लाल चावीची आणि पिवळी कायम करंटची. पिवळी वायर चावीला जोडली की चावी काढली की सगळं विसरतो. बिघाड रेडिओत नाही, जोडणीत आहे.

*'टर्र-टर्र, टर्र-टर्र' आणि मग मोबाईलची रिंग.* मोबाईल स्पीकरच्या जवळ ठेवलाय. बाजूला ठेवा, संपलं.

*सतत फुसफुस.* आधी मोबाईलचा चार्जर काढून बघा. स्वस्त चार्जर आणि स्वस्त एलईडी पट्ट्या आत करंट फार वेगानं चालू-बंद करतात आणि त्याचा कचरा रेडिओत ऐकू येतो. चार्जर काढल्यावर आवाज स्वच्छ झाला तर चोर सापडला. नाही झाला तर अँटेना बघा. एफएमची लहर १०० मेगाहर्ट्झला ३ मीटर लांब असते, तिचा चौथा भाग म्हणजे ७५ सेंटिमीटर. साधी उभी अँटेना साधारण एवढी लागते, आणि तिच्या बुडाला स्वच्छ लोखंडाचा अर्थ लागतो. रंगावर बसवलेली अँटेना अर्धीच चालते.

आणि सगळं ठीक असूनही आकाशवाणी बीड मांजरसुंब्याच्या घाटात किंवा धारूरच्या घाटात गायब होत असेल, तर रेडिओ खोलू नका. एफएम बऱ्याच अंशी सरळ रेषेत चालतं. मध्ये बालाघाटचा डोंगर आला की तो तुमच्या अँटेनाचं ऐकत नाही.

एका श्रोत्यानं विचारलंय, 'दादा, दोन गाड्यांत बोलायला वॉकी-टॉकी घेऊ का?' घ्या, पण ऑनलाइन मिळेल तो सेट विनापरवाना चालतो असं समजू नका. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॅटपर्यंत परवान्यातून सुटलेला आहे. परवान्यातून न सुटलेल्या पट्ट्यावर परवान्याशिवाय बोलणं अंगाशी येऊ शकतं. विकणाऱ्याला पट्टा आणि मंजुरी विचारूनच घ्या.

२४ व्होल्टच्या ट्रकात १२ चा रेडिओ

हे आपल्याकडे घरोघरी दिसतं. रेडिओ १२ व्होल्टचा, ट्रक २४ चा. मग दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक वायर काढून रेडिओ जोडतात. रेडिओ वाजतो, खर्च शून्य. पण करंट एकाच बॅटरीतून जातो. डायनामो मात्र दोघींना एकत्र चार्ज करतो. रिकामी होणारी बॅटरी कधी पूर्ण भरत नाही आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भरून पाणी उडवते. थोड्या महिन्यांत दोन्ही जातात आणि दोष बॅटरीच्या कंपनीला. यावर उपाय एकच: २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर. तो जरा बरा घ्या, रेडिओपासून हातभर लांब बसवा आणि त्याचा अर्थ चासीला नीट आवळा, नाहीतर त्याचीच फुसफुस ऐकत बसाल.

ट्रॉलीचा दिवा

आता मूळ गोष्टीवर. खराब अर्थ रेडिओत शिट्टी होऊन येतो, सेल्फमध्ये 'टक' होऊन येतो आणि ट्रॉलीत येतो तेव्हा मागचा दिवा विझतो.

बऱ्याच ट्रॉल्यांना दिव्याची एकच वायर गेलेली असते. परतीचा करंट ट्रॉलीच्या चासीतून हुकच्या पिनमध्ये आणि तिथून ट्रॅक्टरमध्ये येतो. ती पिन चिखलानं, ग्रीसनं, गंजानं भरलेली असते आणि प्रत्येक खड्ड्यात खडखड वाजते. मग दिवा फडफडतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, कारण करंट परत यायला दुसऱ्या बल्बमधून वाट काढतोय. ड्रायव्हर म्हणतो बल्ब गेला, बल्ब बदलतो, दोन दिवस चालतं, परत तेच.

उपाय: ट्रॅक्टरच्या अर्थपासून ट्रॉलीच्या दिव्यापर्यंत एक वेगळी परतीची वायर. सात पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थची पिन असतेच, ती फक्त जोडायची. दोन ट्रॉल्या असतील तर ती वायर दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत न्या. दिवा अशा जागी बांधा की बाहेर लोंबणारा ऊस त्याला झाकणार नाही. मागं लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा, कारण दिवा विझला तरी ती चमकते.

रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला न दिसणारी ट्रॉली म्हणजे रस्त्यात उभी केलेली भिंत. आणि हंगामाच्या सुरुवातीला, शेवटाला त्याच ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या आणि झोपलेली लेकरं असतात.

घाटात उतरण्याआधी तीन गोष्टी

१. ट्रॅक्टरचे दोन ब्रेक पेडल जोडणारा लॉक लावा. रानात वळताना एकच चाक धरायला ते वेगळे ठेवतात. रस्त्यावर एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर एका बाजूला फिरतो आणि भरलेली ट्रॉली त्याला ढकलून पाडते.

२. चढाला लागेल त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं नाही. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, मागचं सगळं वजन तुमच्या दोन चाकांवर येतं.

३. ट्रकात हवेचा ब्रेक असेल तर टाकीखालच्या नळीतून रोज पाणी काढा. दाब पूर्ण भरल्याशिवाय गाडी हलवू नका. गाडी बंद करून काटा बघा. पाच-दहा मिनिटांत दाब सरकन उतरला तर कुठंतरी गळती आहे. साबणाचं पाणी लावा, बुडबुडा दाखवेल.

गाडी रस्त्यात बंद पडलीच, तर मागं निदान शंभर पावलांवर त्रिकोण ठेवा. चाकाला लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाका. तुमची गाडी निघून जाते, दगड तिथंच राहतो आणि अंधारात पुढच्याला तो दिसत नाही.

डब्यात काय ठेवायचं

एक साधा मल्टिमीटर, पॉलिश पेपर, चार-पाच फ्यूज, दोन बल्ब, एक जादा फॅन बेल्ट, एक डिझेल फिल्टर, दोन हात अर्थची जाड वायर आणि टॉर्च. हे सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसतं. बॅटरी सोडताना मायनस आधी काढा, जोडताना मायनस शेवटी लावा.

या आठवड्यात एकच काम करा. आज संध्याकाळी अंधार पडल्यावर ट्रॉली जोडा, मागं जाऊन उभे राहा आणि कुणाला तरी ब्रेक, इंडिकेटर, लाइट एकेक करून लावायला सांगा. जे फडफडेल ते मोबाईलवर शूट करून पाठवा. पुढच्या भागात तुमच्याच व्हिडिओंवर बोलू. तोपर्यंत सांभाळून जा, सांभाळून या.